शेऱ्याचा रकाना

मॅडम, तुमच्या फॉर्मवर
शेऱ्याचा रकाना करंगळीएवढा आहे.
नाव: आचल दडमल, जीएनएम, दुसरं वर्ष.
पोस्टिंग: ग्रामीण रुग्णालय, सिंदेवाही, तीस दिवस.
वर्तन. वक्तशीरपणा. रुग्णांशी संवाद.
पाचपैकी गुण द्या.

मावत नाही,
म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते.

पहिल्या आठवड्यात मीच खेकसले,
"काहून वं, ऐकू नाई येत तुले?"
तीन नंबरची सलाईन बदल, येताना रजिस्टर आण,
आणि त्या कोपऱ्यातल्या बाईचा ताप सकाळी किती होता
हे सगळं एका दमात सांगितलं होतं.
आम्हालाही असंच सांगत आले सगळे.
ती दाराशीच थिजली,
बाटली छातीशी धरून,
जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखी.

मग भिंतीकडे बघत म्हणाली,
"सिस्टर, ती ट्यूबलाइट बोलते.
ती बोलली का तुमचं बोलणं तुटक येते."
प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून
नागपूरच्या डॉक्टरांचा कागद आणला होता तिनं.
मी तो न उघडताच परत दिला.
इथं पेशंट वाचायचे असतात बाई, म्हटलं, कागद नाई.
हेही लिहून ठेवते.

मग ती रात्र.
धानाच्या बांधीतून उचलून आणलेली बाई,
घोट्यावर दोन ठिपके,
साप कोणी पाहिलेला नाही.
काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त,
वीस मिनिटं, हात लावायचा नाही.
इतकी वर्षं झाली, तरी माझा हात
दहाव्या मिनिटालाच नळीकडे जातो.
दारात नवरा रडतोय,
दीर कुण्या मंत्रवाल्याला फोन लावतोय,
आणि आचल स्टुलावर.
घड्याळ, नळी. नळी, घड्याळ.
वीस झाली. तिनं नळी तिरपी केली.
रक्त पाण्यासारखं वाहिलं.
"गोठलं नाही," ती म्हणाली,
जेवण झालं म्हणावं तशा आवाजात.
डॉक्टर उठले, औषध लागलं.
बाई पाचव्या दिवशी चालत घरी गेली.

पण ही हुशारीची गोष्ट म्हणून वाचू नका.
त्याच पहाटे ती चादरींच्या खोलीत सापडली,
कान दाबून, गुडघ्यात डोकं.
मी दार लोटून घेतलं
आणि बाहेर स्टूल टाकून बसले.
तेवढंच सुचलं.
कुणी विचारलं, तर म्हटलं, चादरी मोजते आहे.

सकाळी बाजारातून नव्वद रुपयांचा बल्ब आणला.
ट्यूबलाइट काढली.
हातमोज्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले,
त्यावर कामं लिहिली, एकाखाली एक,
झालं की आडवी रेघ.
ओव्हर आता खाटेपाशी,
हळू, एका वेळी एकच तोंड.

बल्ब आधीच आणला होता
असं लिहायला आवडलं असतं मला.
पण मी साप चावायची वाट पाहिली.

सात नंबरचे शेडमाके आजोबा दुसऱ्या दिवशी म्हणाले,
"आज वार्डात नीज लागली बाप्पा."
काय थांबलं ते त्यांना कळलं नव्हतं.
मलाही कुठे!
बारा वर्षं ड्युटीवरून डोकं धरून घरी जाते,
आणि दोष चहाला देते.

तर, मॅडम.
नजरेला नजर: देत नाही.
तिची नजर पेशंटच्या हातावर असते,
शीर शोधत.
एकदा दोघांची औषधं एकाच ट्रेमध्ये ठेवली,
स्वतःच येऊन सांगितलं.
संवाद: कमी बोलते. पेशंट तिलाच हाक मारतात.
गुण तुम्हीच ठरवा,
मला पाचात बसवता येत नाही.

पुढची बॅच एक तारखेला येते ना?
पुठ्ठे कापून ठेवलेत.
कोणाजवळ असा कागद असेल
तर पहिल्याच दिवशी द्यायला सांगा.
चष्मा घेऊन बसते.

वाढई सिस्टर,
स्त्री कक्ष