खांद्याचे दोन, पाठीचा एक

आमच्या गावात मोजपट्टी नंतर आली.
आधी कावड होती.
पुरुष खांद्यावर घेतो, कावडीला दोन टोपल्या.
बाई शेल्यात बांधून पाठीवर घेते, एक.
म्हणून मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक.
कुणी लिहून ठेवलं नाही हे.
मी लिहितो. मी गावचा लेखनिक.
माझी वही पेन्सिलीची आहे,
आणि खोडरबर बायकोच्या डब्यात असतं, लवंगांशेजारी.

म्हातारा रेसोविर्यो गेला, त्याला हजार दिवस झाले.
भात, कोंबडी, खोबरं घातलेली शेंगांची भाजी
केळीच्या पानांत बांधून घरोघर गेली.
दुआ झाली. चटया गुंडाळल्या.
मग वागिरान म्हणाला, आता लिहा.

लिहायला होतं तरी काय?
एक खाचर, पाटाच्या शेपटाला,
जिथे पाणी सगळ्यांचं होऊन झाल्यावर येतं.
ते त्याला दोन वाफे, तिला एक; बांध तेवढा सामाईक.
परसात कसावा, हळद, एक फणस.
नारळ सात; त्यांतले दोन शेजाऱ्याच्या जमिनीत उभे,
पण झाडं यांचीच, आणि पडलेला नारळ
ज्याच्या पोराने आधी पाहिला त्याचा.
एक म्हैस होती.
ती आपण आत्ताच जेवलो.

आणि घर.
सागाचे चार खांब, तुळया, कौलं, खिळा एकही नाही.
आमच्याकडे घर म्हणजे जमीन नव्हे.
घर सुटं होतं, उठतं,
चांगला दिवस पाहून दुसरीकडे जाऊन बसतं.
वागिरानला घर हवं होतं, नदीपलीकडे, बायकोच्या गावात.
पोनिराला राहिली घराखालची जागा.

चाळीस माणसं आली.
तुळयांवर खडूने आकडे टाकले.
दुपारपर्यंत छप्पर नदीत शिरलं होतं,
खाली चाळीस जोड्या पाय, वर कौलांविना आकाश.
काठावरून पाहिलं तर
कुणी भलामोठा विंचू गावातून रुसून चाललाय असं वाटावं.
चाळिसांचा भात पोनिराने शिजवला,
त्याच चुलीवर, जिथे नऊ वर्षं
बापाची पेज शिजवली होती.
चुलीला आता भिंत नव्हती.
धूर पहिल्यांदाच हवा तिकडे गेला.

संध्याकाळी उरले चार दगड.
खांबांच्या बुडाचे, चौकोनी, काळे,
वरून आत घेतलेले, घोटून गुळगुळीत.
दुसऱ्या दिवशी वागिरान परतला.
दगडाशिवाय खांब ओल धरतो, तो म्हणाला.
पोनिरा त्यांतल्याच एकावर बसून शेंगा सोलत होती.
म्हणाली, दगड घरातले, की जमिनीतले?
दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी वही उघडली. पान उलटलं. परत उलटलं.
दगड चार. वाटे तीन.
शाळेत हे गणित आम्हाला आंब्यांवर शिकवलं होतं,
आणि उरलेला आंबा गुरुजी खायचे.
माझं स्वतःचं म्हणाल तर
पाटाच्या तोंडाशी एक सुरेख शेत आहे मला,
पण ते पदाचं. पेन्सिल ठेवली की शेतही ठेवायचं.
तेव्हा दुसऱ्याच्या दगडाचा निवाडा
मी कुठल्या तोंडाने करणार?

शेंगा संपल्या. पोनिरा उठली.
हे तीन ने, म्हणाली. हा गरम झालाय, हा राहू दे.

नदीपलीकडचं घर आता
तीन दगडांवर आणि एका सिमेंटवर उभं आहे.
पावसाळ्यात एक दार लागत नाही, असं ऐकतो.

पुढे शहरातून मोजणीवाले आले,
तिपाई, आकाशाला विचारणारं यंत्र,
प्रत्येकाला शिक्क्याचा कागद.
त्यांतल्या एका पोराने मला विचारलं,
हा दगड कसला? हद्दीचा?
त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या.
मी पोनिराकडे पाहिलं. ती मिरच्या उलटत होती.

हो, म्हटलं.

त्याने शाईने लिहिलं.