झेड

दुपारी दीडला कुडचडे शटर अर्धं ओढतं
आणि चारपर्यंत कुणाचं काही ऐकत नाही.
त्या अर्ध्या उजेडात बसून मी
स्टुडिओतल्या कॉम्प्युटरच्या दुखण्याला हात घातला.

दुखणं असं: पिवळ्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली
की खिडकी उघडते, पण पांढरीफटक.
वर हिरवी पट्टी सरकत राहते, अर्ध्यावर दमते,
मग शेवटच्या बोटभर अंतरावर बसकण मारते.
मोजलं मी. बेचाळीस सेकंद.
तेवढ्यात गिऱ्हाईक भिंतीवरचे सगळे नवरे-नवऱ्या बघून होतं.

फोनवर भाचा म्हणाला, मावशी, म्हातारा झालाय तो,
दोन जीबीत कसला संसार करतेस, भंगारात घाल.
पण म्हातारपण सगळीकडेच हळू असतं.
हा तर एकाच दारात अडतो.

पाठ उघडून लेन्सच्या ब्रशने झाडली,
खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी
पंख्याच्या पात्यांवर तांबडी धूळ निघाली.
लावून पाहिलं. बेचाळीस.

मग बारकी चित्रं बंद केली.
अकरा हजार चेहरे क्षणात एकसारखे कागद झाले:
परवान्याला फोटो काढून गेलेले ट्रकवाले,
तेच पुन्हा, ट्रक विकल्यावर, गालफडं बसलेले,
केप्याची जुळी, सांवर्ड्याच्या शाळेची शेवटची मोठी तुकडी.
बेचाळीस.
चेहरे परत लावले. त्यांचा दोष नव्हता.

कंटाळून केर काढायला घेतला.
केरसुणी टेबलाखालच्या निळ्या वायरीत अडकली,
खटका सुटला,
आणि मी सहज टिचकी मारली तर
खिडकी उघडली. फटकन. कानाखाली वाजवावी तशी.

वायर लावली: बेचाळीस.
काढली: फटकन.
तीनदा केलं. चौथ्यांदा उगाच.

ती वायर एलिजिओने ओढली होती,
भिंतीला भोक पाडून, पलीकडच्या त्याच्या व्हिडिओच्या दुकानातून.
मी फोटो काढायचे, तो शूटिंग.
म्हणाला होता, आता माझं सगळं तुला इथनं दिसेल,
आणि माझ्या यादीत सगळ्यात खाली
त्याच्या कॉम्प्युटरला एक अक्षर देऊन गेला. झेड.

तो स्विंडनला जाऊन सात वर्षं झाली.
पलीकडे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
भोकात त्यांनी सिमेंट भरलं, पण माझ्या बाजूनं
टेबलापासून राउटरपर्यंत वायर तशीच होती
आणि यादीत झेडही, लाल फुली घेऊन.

म्हणजे रोज, मी जे काही उघडायला जाईन ते उघडण्याआधी,
हा शहाणा आधी भिंतीपलीकडे हाक मारून येत होता:
आहेस का? आहेस का?
बेचाळीस सेकंद वाट बघून
मग मला म्हणायचा, हं, बोल.
मला कधी एका शब्दानं सांगितलं नाही.

झेडवर उजवी टिचकी. डिस्कनेक्ट.
एक डोळे मिटलेला फोटो काढून टाकायचा तर
दोनदा विचारतो, नक्की ना म्हणून.
इथे काही विचारलं नाही.

वायर पुन्हा लावली. खिडकी फटकन.
भाच्याला कळवलं, त्यानं अंगठा पाठवला.

चारला शटर वर केलं तर दारात
एक पोरगा, केस ओले करून विंचरलेले,
पासपोर्टचे आठ, पांढऱ्या पडद्यावर, दोन्ही कान दिसायला हवेत.
काढले. खिडकी उघडली, फोटो आला, कापले, पाकिटात घातले.
पैसे ठेवून तो गेलासुद्धा.

एरवी त्या हिरव्या पट्टीच्या मुदतीत
मी विचारून घ्यायचे
कुठे निघालास, तिथे कोण आहे, घरी कोण राहतं.
आज नावसुद्धा राहिलं.
फाईलला मी तारीख दिली.