हातातल्या चपला

तामालेत, बोल्गा रस्त्याला, टायरवाल्याच्या मागे
आमची शेड आहे.
पाटीवर संस्थेचं लांबलचक नाव होतं,
निम्मी अक्षरं उन्हानं खाल्ली.
लोक नुसतं 'नेइन्दोचं गॅरेज' म्हणतात.
मी तिथं हिशेब लिहितो.

परदेशातून कंटेनर येतो वर्षाला एक.
चाळीस खुर्च्या, चकचकीत, पातळ चाकांच्या,
फरशीवर फिरायला जन्मलेल्या.
आमच्याकडं फरशी बँकेत आहे, आणि मशिदीच्या ओट्यावर.
बाकी सगळी वाळू.
मागच्या खेपेच्या एका खुर्चीत
सावेलुगूला कोंबडी अंडी घालते.
अहवालात मी ती 'वापरात' दाखवली.
खोटं कुठंय?

नेइन्दो काही बोलत नाही.
पोलिओनं वाळलेला पाय कुबडीला टेकवून
खुर्ची उलटी करतो,
बाजारात बैलाचे दात बघावेत तशी चाकं बघतो,
मग तोंडावर काच ओढतो आणि कापायला घेतो.
दोन खुर्च्या मरतात, तेव्हा एक तीनचाकी उभी राहते:
हातानं फिरवायचं पेडल,
मोटरसायकलची जाड टायरं,
मागं ओझ्याला फळी.

अझारा आली ती हरमत्तानच्या वाऱ्यात.
धूळ एवढी, की समोरचा माणूस खोकल्यावरून ओळखावा.
ती आवाजावरून ओळखू आली.
फट्. फट्. फट्.
दोन्ही हातांत चपला घालून
जमिनीवरून सरकत येत होती,
पस्तीस वर्षं सरकते तशी.
दाराशी थांबली. चपला काढल्या,
एकीवर एक आपटून धूळ झाडली,
आणि मग सलाम केला.

मी फॉर्म काढला.
कुठंकुठं जायची गरज पडते?
"कुठंच नाही," म्हणाली.
"बाजारात माझी जागा ठरलेली. शियाचं लोणी विकते.
गिऱ्हाईक येतं, उभं राहतं, वरून बोलतं.
पस्तीस वर्षं मी गुडघ्यांशी घासाघीस करतेय.
कुणाच्या गुडघ्याला कसला व्रण, तोंडपाठ आहे.
आता तोंडं बघू दे.
पैसे नाहीत म्हणताना माणूस कसा दिसतो,
तेवढं बघायचंय."

फॉर्मात असा रकाना नव्हता.

नेइन्दोनं टेप काढली.
फुसेनी, आमचा उमेदवार पोरगा, भिंतीशी उभा केला,
त्याच्या डोळ्यांपाशी खडूनं रेघ मारली.
मग अझाराला बाकावर बसवलं, बाकाखाली विटा घातल्या,
एक काढली, पुन्हा घातली.
"बास," ती म्हणाली. "फुसेनी, तुझे दात किडलेत."

आठ दिवसांनी न्यायला आली.
फुकट आहे, मी सांगितलं, नियमच आहे तसा.
"फुकट दिलेलं लोक परत मागायला येतात," ती म्हणाली,
आणि तुंबाभर लोणी टेबलावर ठेवलं.
मी वहीत लिहिलं: जमा, तुंबा एक.
अक्राच्या ऑडिटरनं त्याला लाल गोल केलाय.
आता उत्तरादाखल तुंबा पाठवावा म्हणतोय,
पण तो रिकामा आहे:
त्या आठवड्यात ग्रीस संपलं होतं,
फुसेनीनं सगळं लोणी साखळ्यांना चोळलं.
तेव्हापासून आमच्या तीनचाक्यांमागं
गावातली शेरडं लागतात.

चपला तिनं हँडलला बांधल्यात.
"टाक की आता," मी म्हणालो.
"तुझ्या चाकावर अजून माझा भरवसा बसायचाय."

काल लोणी घ्यायला गेलो.
ती उंचावर बसलेली, मांडीवर तराजू,
हँडलला चपला वाऱ्यानं हलकेच एकमेकींवर आपटत होत्या.
एवढ्याला केवढ्याला, मी विचारलं,
महिनाअखेर आहे म्हणालो.

तिनं सावकाश माझ्या तोंडाकडं बघितलं
आणि दर वाढवला.