ताकही फुंकून

सकाळी सहा चाळीसला भोसरीच्या गेटावर
माझ्या हातात एक काळं यंत्र असतं, साबणाच्या वडीएवढं,
आणि समोर एकशे बारा माणसांची रांग.
प्रत्येकाला नवी नळी, प्रत्येकाला तेच वाक्य:
ओठ घट्ट, फुंका, फुंका, अजून, बास.

इथे अणुभट्टीचे नोझल बनतात.
कुठल्या किनाऱ्यावर जातात ते आम्हाला सांगत नाहीत.
ट्रेलर रात्री निघतो, ताडपत्री बांधून,
नाशिक फाट्याला वळला की संबंध संपला.
साहेब म्हणतात, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं.
कुणाचं तोंड, कुठलं दूध,
ते विचारायची माझी ग्रेड नाही.

महिन्यातून दोनदा कॉम्प्युटर पाच नंबर काढतो.
त्या दिवशी मी संडासाच्या टाकीत नीळ टाकते,
बाटलीत कुणी पाणी मिसळू नये म्हणून,
आणि दाराबाहेर उभी राहते, भिंतीकडे तोंड करून.
बाटलीला तापमानाची पट्टी असते.
चार मिनिटांत ती हिरवी झाली
तर माणूस खरा.
उरलेली नीळ घरी नेते, मुलाच्या शाळेच्या सदऱ्याला.

अकरा वर्षांत माणसं वासावरून कळायला लागली.
मशेरी. रात्रीचं सुकट. संकष्टीचा आंबूस उपास.
गोसाव्यांचा उमाजी खोकल्याचं औषध पितो
आणि श्वासाआधी डॉक्टरची चिठ्ठी पुढे करतो.
मार्तंड पांचाळांना वेलदोड्याचा वास यायचा.
रोज. इतका वेलदोडा कोण खातं?
पण यंत्र शून्य म्हणायचं,
आणि नाकासाठी रजिस्टरात रकाना नाही.

पांचाळ म्हणजे वेल्डिंगचा शेवटचा शब्द.
त्यांची शिवण एक्स-रेच्या फिल्मवर बघावी,
सगळी एकसारखी राखाडी, कुठे बुडबुडा नाही.
पोरं ती फिल्म उजेडाला धरून नुसती बघत बसायची.

सोमवारी नवीन यंत्र आलं.
जुनं मी ड्रॉवरमध्ये ठेवलं.
पांचाळांनी फुंकलं. शून्य पूर्णांक शून्य चार.
रांग गप्प झाली. मागून कुणीतरी म्हणालं, मशीन नवीन आहे, चुकत असेल.
नियम असा: चूळ भरायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा फुंकायचं.
ते माझ्या बाकावर बसले.
म्हणाले, कुंदाताई, हा हात आहे ना,
घेतल्याशिवाय तो टॉर्च धरत नाही.
कधीपासून, मी विचारलं.
त्यांनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली.

दुसऱ्यांदाही शून्य चार. मी लिहिलं. त्यांनी सही केली,
सरळ, शाळेतल्या कित्त्यासारखी.
त्यांची लूना आठवडाभर गेटावर उभी होती.

मग जुन्या फिल्म बाहेर निघाल्या. नऊ वर्षांच्या.
मुंबईहून दोन माणसं आली, अंधाऱ्या खोलीत बसली,
डबे मागवले, पुन्हा बसली.
एक बुडबुडा सापडला नाही.
याचं काय करायचं ते कुणालाच कळेना;
सापडला असता तर सोपं गेलं असतं.
जुनं यंत्रही त्यांनी मागितलं.
मी ड्रॉवर उघडला. बटण दाबलं.
कुणी न फुंकताच ते शून्य म्हणालं.

परवा पांचाळ हिशेबाच्या कागदांसाठी आले.
काही न बोलता रांगेत उभे राहिले, शेवटी.
पाहुण्यांना फुंकावं लागत नाही, मी म्हणाले.
द्या नळी, ते म्हणाले.
वेलदोडा नव्हता. कसलाच वास नव्हता,
धुतलेल्या स्टीलच्या भांड्यासारखा कोरा श्वास.
शून्य पूर्णांक शून्य शून्य.
मी रजिस्टर फिरवलं, पेन दिलं.
सही त्यांच्या रकान्यात सुरू झाली,
वेळेच्या रकान्यातून गेली, माझ्या शेऱ्यावरून गेली,
आणि पानाच्या कडेला कशीबशी थांबली.