कंसातला कोमल

मातारपाखाडी, रात्रीचे पावणेबारा.
सत्ताविसाव्या मापात पंचमावर ट्रिल,
पुढे नागमोडी रेघ,
आणि रेघेच्या माथ्यावर बसायला तयार नाही
एवढीशी कोमलची खूण.

सुरापाशी सोडली
तर पंचमालाच चिकटते,
ज्याला आपल्याकडे कोणी उतरवत नाही.
नुसतं अक्षर म्हणून टाकली
तर दिसते, पण वाजत नाही;
स्पीकरमधून शुद्ध धैवत येतो
घासलेल्या चमच्यासारखा लख्ख.

खूण धैवताची,
आणि धैवत कागदावर कुठेच नाही.
जो लिहिलेलाच नाही
त्याला अर्धी पायरी खाली आणायचं,
पानामागे साठ रुपये.

मिस्किटाअंकलच्या वहीवर भिंग धरलं.
पेन्सिलीचा पोट सुटलेला ठिपका.
कोमल असेल.
किंवा चहा.

सकाळी वर जाऊन फिलोमेनामावशीला विचारलं.
ती सुके बोंबील निवडत होती.
"कुठला सूर? तो रोज निराळा वाजवायचा गो.
माझ्याशी भांडलेला असला तर खालचा,
नाहीतर वरचा."
आणि एक बोंबील उगीच दोनदा निवडला.

मेनूच्या पार तळाशी सापडलं शेवटी:
खूण, वर, लहान, कंसात.
कंस म्हणजे छापणाऱ्याची शंका.

रविवारी लव्हिना वाजवणार आहे हे.
दुसरं बोट पंचमावर रोवून
तिसरं फडफडवेल.
ते कुठे पडेल ते तिचं तिला.
लग्नाला तिच्या
आत्ता कुठे दीड महिना होतोय.