निमुळतं

चप्पल कुठं काढायची, विचारलं.
दारातला म्हातारा म्हणाला, "असू दे. वळग बर्री."
तरी काढलीच. पायाला सवय.
फरशी गार,
भट्टी पेटायच्या आधी शेडमधली असते तशी.

तीस वर्षं कॅम्पातनं सायकल मारत गेलो
उद्यमबागला, फर्स्ट शिफ्टला,
आणि हे दगडी टोक रोज डाव्या हाताला, झाडांच्या वर.
इनास म्हणायचा, "ये की लेका एकदा आत. नाताळला तरी."
मी त्याच्या घरीच जायचो.
फिलोमेनावहिनी नेवऱ्यांचा डबा द्यायच्या,
आमची ही तो रिकामा कधी परत द्यायची नाही.
चर्च राहूनच गेलं.
आज आलो तर तो पुढं, पेटीत.

पेटी.
आमच्यात पेटी म्हणजे वाळूची,
एक वरची, एक खालची,
मधे लाकडी नग.
नग मी करायचा, सागवानी.
वाळू इनासनं ठोकायची.

पाद्री कोंकणीत बोलत होते, मधेच कन्नडमधे.
सगळे उठले, उठलो.
सगळे गुडघ्यावर गेले,
मी एकटाच बाकावर, शाळेत उशिरा आलेल्यागत.
मग कुठं बघायचं म्हणून मान वर केली.

वर कायबी नाही.
नुसती उंची.
दगडाच्या फासळ्या दोन्हीकडनं चढत गेलेल्या
आणि टोकाला एकमेकींना टेकलेल्या.
अरे, हा तर साचा.
एवढ्या मापाचा नग कुणी केला असंल?
कुठल्या लाकडाचा?
आणि काढून नेला कुठं?

पहिल्या महिन्यात माझे नग अडकायचे.
भिंती सरळ, काटकोन पक्का,
मला त्याचा माज.
वरची पेटी उचलली की वाळू फाटायची.
इनास ओरडला नाही. कानावरची पेन्सिल काढली,
माझ्या काटकोनाला आतनं तिरकी रेघ मारली:
"वर निमुळतं ठेव.
उचलणाऱ्याला सोपं जातंय."

काचेतनं ऊन आलं होतं.
माझ्या हातावर लाल, मग नारिंगी, मग पिवळं.
मीटर नव्हतं तेव्हा हा नुसत्या रंगावरनं सांगायचा,
डोळे बारीक करून:
अजून नाही. अजून नाही. आता.
मी हात तसाच धरून बसलो
पिवळ्याचं पांढरं होईपर्यंत.
भाजलं नाही.

मग घंटा.
एक ठोका, मधे बराच वेळ, आणि एक.
नग काढायच्या आधी असंच ठोकतात,
लाकडी हातोडीनं, हळू, चारी अंगानं,
वाळूनं धरलेलं सोडावं म्हणून.

त्याच्या थोरल्यानं, ग्लेननं, मानेनं खुणावलं.
मी पायाकडं गेलो.
पेटी तिकडं निमुळती.
वजन कमी आलं माझ्या वाटणीला,
त्यानंच ठरवून दिल्यागत.

फाटकाबाहेर आल्यावर कळलं,
चप्पल दारातच राहिली.
डांबर तापलेलं.
खांदा बदलायला कुणीतरी पुढं आलं,
मी नको म्हणालो.