चारचौघांत एक

मन्सूराच्या प्रयोगशाळेत, मागच्या खोलीत,
यंत्र रात्रभर घुमतं
आणि सकाळी कागदावर आकडे टाकतं.
कफ्र शाहीनच्या पेटीतल्या नळ्या :
चार, चार, चार.
रगब शतला, चार. त्याचा थोरला भाऊ, चार.
मुअज्जिन आणि खताच्या दुकानाचा मालक
अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत,
दोघांचाही विषाणू एकाच जातीचा.

त्या गावाला मी न जाताही ओळखते.
कालव्यात गुडघाभर उतरलेली पोरं,
गोगलगाईंच्या पाण्यातून अंगात शिरणारे जंत.
लघवी लाल झाली की आया म्हणत, पोरगा मोठा झाला.
मग सरकारी गाडी. शाळेच्या व्हरांड्यात रांग,
बाह्या वर, आठवड्याला एक सुई,
सगळ्यांना मिळून काचेची एक सिरिंज,
स्टोव्हवर पातेलं,
पाणी कधी उकळलेलं, कधी नुसतं कोमट.
जंत मेले. हे खोटं नाही.
पण सुईच्या पोकळीतला थेंब
पुढच्या दंडात गेला, मग त्याच्या पुढच्या,
आणि चाळीस वर्षं यकृतात बसून राहिला
भाडं न देता, आवाज न करता.

बत्तिसावी नळी : वहीबा अल-दसूकी, वय अठ्ठावन्न.
एक.
पुन्हा लावली. एक. एक-ब.
नळ्यांची अदलाबदल झाली असणार,
म्हणून तिला बोलावून घेतलं.

ती पेरूंची पिशवी मांडीवर घेऊन बसली.
मी विचारलं, सगळं गाव चार, तुम्ही एक कशा?
"मी रांगेत नव्हतेच," ती म्हणाली.
"बापाने मला पाठवलं नाही. सुईला मीच घाबरायचे."
मग बराच वेळ पिशवीची गाठ सोडली, बांधली.
"बगदादला होते. नवरा वीटभट्टीवर.
त्यांची माणसं लढाईवर, आमची त्यांच्या जागी.
तिथं बाळंत झाले. दोन बाटल्या रक्त चढवलं,
कुणाचं ते कुणी सांगितलं नाही.
मुलगी सहा दिवस होती."

चार लोकांत हे कधी बोललीच नव्हती ती.
नवरा गेला, आता माहीत असणारं कुणी नाही.

"हे त्या रक्तातलं?"
असावं, मी म्हटलं. खात्रीने कोण सांगणार?
तिने बोटांवर वर्षं मोजली, पस्तिसाला थांबली.
"म्हणजे तिथलं काहीतरी आलंच माझ्याबरोबर."

मी घाईघाईने गोळ्यांचं सांगितलं :
रोजच्या रोज, बारा आठवडे,
चार असो की एक, फरक पडत नाही.
दाराशी ती वळली.
"सगळंच निघून जातं?"
सगळंच, मी अभिमानाने म्हटलं,
आणि म्हटल्यावर ऐकलं, मी काय म्हटलं ते.

पेरू टेबलावर राहिले.
रजिस्टरमध्ये बत्तिसाव्या ओळीपुढे
मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं.
ते खोडलं.
आकडा तसाच ठेवला.